पेठेत गिऱ्हाईक कसे येते? स्टीम, गॉग आणि एपिक यांची वीस वर्षे

धागा.

१६ नोव्हेंबर २००४. ‘हाफ-लाइफ २’ हा संगणकावरचा खेळ दुकानांत विक्रीस आला. पहिला भाग १९९८ मधला, म्हणजे सहा वर्षे लोक दुसऱ्याची वाट पाहत होते. खेळाडूंनी पैसे मोजले, खोके घरी आणले, सीडी संगणकात घातल्या. खेळ मात्र सुरू होईना. आधी ‘स्टीम’ नावाचे सॉफ्टवेअर बसवा, त्यावर खाते उघडा, इंटरनेटवरून खेळाचे कुलूप काढून घ्या आणि मग खेळा, असा नियम होता. त्या दिवशी स्टीमच्या सर्व्हरवर अशी झुंबड उडाली की अनेकांचे कुलूप तासन्‌तास उघडले नाही. विकत घेतलेली वस्तू हातात होती आणि वापरण्याची परवानगी दुसऱ्याच्या हातात.

हेच स्टीम आज संगणकीय खेळांचे जगातले सर्वांत मोठे दुकान आहे. ज्याला पहिली गिऱ्हाइके सक्तीने मिळाली, त्याला सोडून ती आता फुकट खेळ वाटणाऱ्या दुकानाकडेही जात नाहीत. हे कसे घडले, याचा इतिहास अवघ्या वीस-बावीस वर्षांचा आहे. पण व्यापाराच्या इतिहासात रस असणाऱ्याला त्यात जुन्या बाजारपेठांचे बरेच डावपेच ओळखता येतील.

स्टीम ही ‘व्हॉल्व्ह’ या अमेरिकन कंपनीची निर्मिती. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन यांनी १९९६ मध्ये ती स्थापन केली. दुकान थाटण्याचा त्यांचा मूळ विचार नव्हता. अडचण वेगळीच होती. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा त्यांचा खेळ हजारो लोक एकाच वेळी इंटरनेटवर खेळत. त्यात दुरुस्ती करून नवी आवृत्ती काढली की ती प्रत्येकाने आपापली शोधून बसवायची. ज्याने बसवली तो एका बाजूला, ज्याने नाही बसवली तो दुसऱ्या बाजूला, आणि दोघांना एकत्र खेळता येत नसे. प्रत्येक दुरुस्तीनंतर काही दिवस सगळा खेळच विस्कळीत होई. दुरुस्त्या आपोआप पोहोचवणारी, फसवणूक करणाऱ्या खेळाडूंना पकडणारी एक व्यवस्था हवी होती. मार्च २००२ मध्ये तिची घोषणा झाली आणि १२ सप्टेंबर २००३ रोजी ती सर्वांसाठी खुली झाली.

लोकांना ती मुळीच आवडली नाही. लष्करी हिरव्या रंगाची ती चौकट संगणक मंद करी, मित्रांची यादी धड चालत नसे, आणि त्या काळच्या इंटरनेटच्या वेगात मोठ्या फायली उतरवणे म्हणजे शिक्षाच होती. तरीही जुनी व्यवस्था जुलै २००४ अखेर कायमची बंद झाली. काउंटर-स्ट्राइक खेळायचे तर स्टीमवर यायचे, दुसरा रस्ता नाही. पाठोपाठ हाफ-लाइफ २ आला. स्टीमची पहिली पिढी अशी घडली. तिला कोणी आकर्षित केले नव्हते, तिच्या आवडीच्या खेळाला कुलूप लावून तिला आत आणले होते. स्टीमच्या यशाची कथा सांगताना हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो, आणि मग पुढच्या प्रतिस्पर्ध्यांचे अपयश नीट समजत नाही.

याच काळात व्हॉल्व्हचा आपल्या वितरकाशी, व्हिव्हेन्दी या बलाढ्य कंपनीशी, खटला चालू होता. दुकानांत खोकी पोहोचवणारा मधला व्यापारी आणि थेट गिऱ्हाइकाच्या घरात शिरू पाहणारा कारागीर यांच्यातला तो संघर्ष होता. २००५ मध्ये समझोता झाला आणि व्हॉल्व्हचे खेळ विकण्याचे व्हिव्हेन्दीचे काम संपले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘रॅग डॉल कुंग फू’ हा दुसऱ्याने घडवलेला खेळ स्टीमवर प्रथमच विकला गेला, आणि दुरुस्त्या पोहोचवणारी गाडी दुकान बनली.

विक्रीतले साधारण ३० टक्के स्टीमने ठेवायचे, बाकीचे निर्मात्याला. आपल्या बाजारसमितीच्या भाषेत ही ‘अडत’. आज हा आकडा ऐकून भुवया उंचावतात, पण २००५ मधल्या छोट्या निर्मात्याला तो दिलासा वाटला. तोवर प्रकाशक, वितरक, खोके, छपाई, दुकानातली फळीवरची जागा या सगळ्यांचा वाटा निघाल्यावर त्याच्या पदरात फारच थोडे पडे, आणि मुळात त्याच्या खेळाला दुकानात जागा मिळेल याचीही खात्री नसे. तोच आकडा तेरा वर्षांनी लोभाचा पुरावा म्हणून दाखवला जाणार होता.

आता युरोपच्या दुसऱ्या टोकाला, पोलंडला जावे लागेल. कारण गिऱ्हाईक मिळवण्याची एक अगदी वेगळी परंपरा तिथल्या बाजारात तयार झाली.

साम्यवादी राजवट कोसळल्यानंतरच्या वॉर्सात संगणकीय खेळ मुबलक मिळत, पण सगळे चोरीच्या प्रतींच्या रूपात. सॉफ्टवेअरला संरक्षण देणारा पोलंडचा स्वामित्वहक्क कायदा १९९४ मध्ये आला. त्याच वर्षी मार्चिन इविन्स्की आणि मिखाउ किचिन्स्की या दोन शाळासोबत्यांनी ‘सीडी प्रोजेक्ट’ ही कंपनी काढली. परदेशातून अस्सल सीडी आणून विकायच्या, हा धंदा. प्रश्न उघड होता : शेजारच्या टेबलावर तोच खेळ कवडीमोलाने मिळत असताना अस्सल प्रत कोण घेईल?

त्यांचे उत्तर १९९९ मध्ये ‘बाल्डर्स गेट’ या खेळाच्या वेळी दिसले. पाच सीडींचा हा प्रचंड खेळ त्यांनी पोलिश भाषेत आणला, संवादांसाठी नामवंत पोलिश अभिनेते घेतले. खोक्यात नकाशा, नियमपुस्तक, संगीताची वेगळी सीडी असा ऐवज भरला. किंमत चोरीच्या प्रतीहून अर्थातच अधिक. पण पाच सीडी नक्कल करायच्या तर चोरबाजारातली प्रतही फारशी स्वस्त राहत नव्हती, आणि तिच्यात नकाशा नव्हता. पहिल्याच दिवशी सुमारे १८,००० प्रती गेल्या. त्या काळच्या पोलंडमध्ये हा आकडा अविश्वसनीय होता.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या एखाद्या बोळात नकली सीडी घेतलेल्या पिढीला हा प्रसंग परका वाटणार नाही. फरक इतकाच की आपल्याकडे त्या काळी अस्सल खोके मराठीतून आणून, त्यात नकाशा घालून विकण्याचे धाडस कोणी केले नाही.

सप्टेंबर २००८ मध्ये याच मंडळींनी ‘गुड ओल्ड गेम्स’ हे इंटरनेटवरचे दुकान उघडले. पुढे त्याचे नाव ‘गॉग’ एवढेच राहिले. नव्या संगणकांवर न चालणारे जुने खेळ दुरुस्त करून, सहा किंवा दहा डॉलरांच्या आसपास विकायचे. सोबत नियमपुस्तिका, संगीत, चित्रे. आणि मुख्य म्हणजे कुलूप नाही. एकदा फाइल उतरवली की ती गिऱ्हाइकाची. इंटरनेट असो वा नसो, दुकान राहो वा बुडो, ती चालणार. स्टीमने ज्या गोष्टीपासून सुरुवात केली होती तिचा हा नेमका उलटा मार्ग होता.

गॉगचा पाया हा असा विश्वासाचा, म्हणूनच सप्टेंबर २०१० मधला त्यांचा एक प्रकार अधिक खटकतो. एके दिवशी संकेतस्थळ अचानक बंद झाले. दुकान संपले अशी समजूत होईल असा मजकूर तिथे झळकला. ज्यांनी खेळ घेऊन ठेवले होते पण उतरवले नव्हते, ते हवालदिल झाले. दोन-तीन दिवसांनी संस्थापक भिक्षूंची वस्त्रे घालून प्रकट झाले, क्षमा मागितली आणि सांगितले की ही नव्या रूपातल्या दुकानाची जाहिरात होती. नव्या रूपाबरोबर विक्रीला आलेला खेळ होता बाल्डर्स गेट. प्रसिद्धी भरपूर मिळाली. पण ‘दुकान बुडाले तरी तुमचे काही जाणार नाही’ हेच ज्याचे ब्रीद, त्याने गिऱ्हाइकाला बुडण्याची भीती दाखवून चेष्टा करावी, हे कोणत्याही पेठेत शोभले नसते.

इकडे स्टीमला २००७ ते २०१२ या काळात गिऱ्हाइकाचे मानसशास्त्र उमगले. २००९ च्या आरंभी न्यूएल यांनी एका परिषदेत काही आकडे मांडले. सणासुदीच्या सवलतीत किंमत १० टक्क्यांनी उतरवलेल्या खेळांचे उत्पन्न ३५ टक्क्यांनी वाढले, आणि ७५ टक्के उतरवलेल्यांचे तब्बल १,४७० टक्क्यांनी. हे उत्पन्न आहे, प्रतींची संख्या नव्हे. खोक्याच्या दुकानदाराला हे गणित परवडणारे नव्हते, कारण त्याच्या प्रत्येक खोक्याला छपाईचा आणि वाहतुकीचा खर्च होता. डिजिटल प्रतीला तो जवळजवळ नाही. पाव किमतीतही विकणारा फायद्यातच राहतो.

मग उन्हाळी आणि हिवाळी विक्रीमहोत्सव सुरू झाले, आणि त्यांना जत्रेचे रूप आले. दर काही तासांनी बदलणाऱ्या सवलती असत, त्यामुळे लोक रात्री गजर लावून उठत. २०११ च्या नाताळात ठरावीक कामगिरी पार पाडणाऱ्याला एखादा खेळ, सवलतीची चिठ्ठी किंवा नुसता कोळशाचा तुकडा मिळे, आणि लोक तो कोळसाही जमवत. घेतलेले पण कधीच न उघडलेले खेळ प्रत्येकाच्या खात्यात साचू लागले. त्याची थट्टा झाली, पण या साचण्यातच स्टीमची खरी तटबंदी उभी राहत होती. ज्याच्या खात्यात दोनशे खेळ आहेत तो दोनशे एकावा खेळ दुसरीकडे कशाला घेईल? शिवाय मित्र तिथेच, खेळलेल्या तासांची नोंद तिथेच, आणि २०११ पासून खेळाडूंनीच घडवलेले नवे नकाशे आणि पोशाख मिळण्याची ‘वर्कशॉप’ही तिथेच. सक्तीने आलेले गिऱ्हाईक आता सवयीने राहू लागले.

न्यूएल त्या काळी वारंवार सांगत की चोरीच्या प्रती हा मुख्यतः किमतीचा प्रश्न नसून सेवेचा आहे. चोर जे देतो त्याहून चांगले, लवकर आणि सोपे दिले तर लोक पैसे देतात. वॉर्सातल्या दोन तरुणांना हे १९९९ मध्येच कळले होते. मात्र दोघांनी त्यातून काढलेले निष्कर्ष निराळे. गॉगने कुलूप काढून टाकले, तर स्टीमने कुलूप इतके गुळगुळीत केले की ते जाणवेनासे झाले.

दरम्यान दुसरेही आपापली दुकाने काढत होते. ‘हंबल बंडल’ने मे २०१० मध्ये छोट्या निर्मात्यांचे खेळ एकत्र बांधून ‘वाटेल ती किंमत द्या’ असे सांगितले, त्यातला काही भाग धर्मादाय कामाला ठेवला, आणि पहिल्याच फेरीत दहा लाख डॉलरांहून अधिक जमवले. २०१३ मध्ये निघालेल्या ‘इच’ने तर अडत किती द्यायची हेच पुढे निर्मात्यावर सोपवले. बड्या कंपन्यांनी मात्र वेगळी वाट धरली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने जून २०११ मध्ये ‘ओरिजिन’ काढले आणि ‘बॅटलफील्ड ३’ हा गाजलेला खेळ स्टीमवर येऊच दिला नाही. हाफ-लाइफ २ ची युक्ती त्यांनी उचलली, पण ती पाहून लोकांना आता सात वर्षे झाली होती आणि त्यांचे खेळ एका जागी साचले होते. एका खेळासाठी लोक ओरिजिनवर गेले, तो खेळून परत आले. २०१९ मध्ये कंपनीच स्टीमवर परतली. युबिसॉफ्टही एपिककडे गेली आणि २०२२ अखेर तिचे मोठे खेळ पुन्हा स्टीमवर दिसू लागले.

ओरिजिनने एक चांगली गोष्ट मात्र केली. ऑगस्ट २०१३ मध्ये तिने आपल्या खेळांसाठी पैसे परत देण्याची हमी जाहीर केली. स्टीमवर तोवर घेतलेला माल परत करण्याची सर्वसाधारण सोय नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये व्हॉल्व्हला न्यायालयात खेचले. संगणकीय खेळ हा ‘माल’ नाहीच, असाही एक युक्तिवाद कंपनीने केला. २०१६ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला : खेळ हा मालच आहे, आणि गिऱ्हाइकाला परतफेडीचा हक्क नाही असे सांगणे ही दिशाभूल आहे. दंड झाला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. निकालापूर्वीच, जून २०१५ मध्ये, स्टीमने जगभर नियम लागू केला होता की घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळलेला खेळ परत करता येईल. त्याचा एक परिणाम मजेशीर झाला. आज घेतलेला खेळ उद्या स्वस्त झाला तर परत करून पुन्हा घेता येऊ लागला. त्याच वर्षाच्या अखेरीपासून दर काही तासांच्या सवलती बंद झाल्या आणि जत्रेची ती रात्रीची धावपळ संपली.

भारतातल्या खेळाडूसाठी २०१५ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे. त्या वर्षी स्टीमवर रुपयांत किंमत दिसू लागली. तोवर डॉलरचा भाव मोजायचा, आंतरराष्ट्रीय व्यवहार चालणारे कार्ड शोधायचे, आणि महिन्याच्या खर्चाला मिळालेल्या पैशांत हे सारे बसवायचे. देशागणिक वेगळी किंमत ठेवण्यामागे दया नसते. रशिया, ब्राझील, तुर्कस्तान, भारत अशा बाजारांत अमेरिकन भावाने फार कमी लोक घेतील, हा सरळ हिशेब असतो. पण भिंत उभी राहिली की तिच्यावरून उड्याही पडतात. स्वस्त देशाचा पत्ता दाखवून खेळ घेणारे वाढले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमने अर्जेंटिना व तुर्कस्तानातले स्थानिक चलन काढून तिथे डॉलर आणला. तिथल्या प्रामाणिक खेळाडूने पाहुण्यांच्या उड्यांचे पैसे भरले. युरोपीय संघात उलटी तक्रार उभी राहिली. पूर्व युरोपात स्वस्त घेतलेला खेळ पश्चिमेत चालू नये म्हणून कुलपे घातली, या कारणावरून युरोपीय आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला.

आणि आता एपिक. टिम स्वीनी यांनी १९९१ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी २०१७ च्या ‘फोर्टनाइट’मुळे अचानक गडगंज झाली. ४ डिसेंबर २०१८ रोजी तिने आपल्या दुकानाची घोषणा केली : अडत फक्त १२ टक्के. योगायोग म्हणा किंवा काही, चारच दिवस आधी स्टीमने बड्या विक्रेत्यांची अडत कमी केली होती. एक कोटी डॉलरांवरच्या विक्रीला २५ टक्के आणि पाच कोटींवरच्या विक्रीला २० टक्के. छोट्यांसाठी ३० कायम.

मराठेशाहीत नवी पेठ वसवायची असली की तिथे येणाऱ्या व्यापाऱ्यांना काही वर्षांच्या करमाफीचा कौल देत. एपिकचे १२ टक्के हा तसाच कौल होता. पण कौलाने व्यापारी येतो. गिऱ्हाइकाला व्यापारी किती जकात भरतो याच्याशी देणेघेणे नसते. खेळाडूला पडणारी किंमत बहुधा तीच राहिली. स्वीनींनाही हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी आणखी दोन डाव टाकले.

पहिला डाव फुकट खेळांचा. डिसेंबर २०१८ मध्ये ‘सबनॉटिका’पासून सुरुवात झाली, आधी पंधरवड्याला एक, मग दर आठवड्याला. मे २०२० मध्ये ‘जीटीए ५’ फुकट दिला तेव्हा गर्दीने दुकानच काही तास कोसळले. या औदार्याचा हिशेब २०२१ मध्ये अॅपलविरुद्धच्या खटल्यातल्या कागदपत्रांमुळे उघड झाला, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशी कागदपत्रे म्हणजे दफ्तरखाना सापडल्यासारखे असते. सबनॉटिकासाठी एपिकने १४ लाख डॉलर मोजले होते. पहिल्या नऊ-दहा महिन्यांतल्या फुकट खेळांवर मिळून सुमारे १ कोटी १६ लाख, आणि त्यातून नवी खाती आली सुमारे ५० लाख. म्हणजे एका नव्या गिऱ्हाइकामागे अडीच डॉलरांहूनही कमी. गिऱ्हाईक दारात आणण्याचा इतका स्वस्त उपाय क्वचितच सापडेल.

दुसरा डाव महागडा निघाला. खेळ ठरावीक काळ फक्त आपल्याकडेच विकला जावा म्हणून निर्मात्याला किमान विक्रीची हमी द्यायची. ‘बॉर्डरलँड्स ३’साठीच्या करारात १४ कोटी ६० लाख डॉलर गुंतले होते, असे त्याच कागदपत्रांत दिसले. लोकांचा संताप मात्र ‘मेट्रो एक्सोडस’वरून झाला. प्रकाशन अवघ्या अडीच आठवड्यांवर आले असताना, जानेवारी २०१९ अखेर, तो स्टीमवरून काढून एक वर्षासाठी एपिकला देण्यात आला. अमेरिकेत एपिकवर त्याची किंमत ६० ऐवजी ५० डॉलर होती. स्वस्त मिळत असूनही लोक चिडले, आणि स्टीमवर त्याच मालिकेच्या जुन्या खेळांखाली वाईट अभिप्रायांचा वर्षाव केला.

हा राग केवळ हट्टाचा म्हणून सोडून देता येत नाही. एपिकच्या दुकानात तेव्हा गिऱ्हाइकांचे अभिप्राय नव्हते आणि एकाहून अधिक खेळ घ्यायला टोपलीही नव्हती. ती टोपली आली डिसेंबर २०२१ मध्ये, दुकान उघडल्यानंतर तीन वर्षांनी. व्यापाऱ्यासाठी पायघड्या आणि गिऱ्हाइकाला बसायला पाटसुद्धा नाही, असा तो कारभार होता. स्वीनींची बाजूही तितकीच विचारात घ्यावी लागते. ते म्हणत की स्टीमने सर्व निर्मात्यांना ८८ टक्के द्यायचे कबूल केले तर आपण असे करार थांबवू. स्टीमने ते कबूल केले नाही, आणि गिऱ्हाईक सवयीने बांधलेले असल्यामुळे तिला तशी गरजही भासली नाही. अडतीच्या प्रश्नावर छोट्या निर्मात्यांचे जे नुकसान होते ते खेळाडूला दिसत नाही, एवढ्याने ते खोटे ठरत नाही. ‘राजी’सारखा खेळ पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहान संघाने वर्षानुवर्षे राबून घडवला. असा खेळ विकला जातो तेव्हा शंभर रुपयांतले तीस की बारा अडतीत जातात, यावर पुढचा खेळ निघणार की नाही हे ठरू शकते.

गंमत अशी की या दोन हत्तींच्या टकरीत पहिले नुकसान गॉगचे झाले. एखाद्या देशात खेळाची किंमत अमेरिकेपेक्षा जास्त असली तर गॉग फरकाचे पैसे गिऱ्हाइकाला आपल्या खिशातून परत देई. निर्मात्यांना द्यायचा वाटा वाढत चालल्याने आता हे झेपत नाही, असे सांगून मार्च २०१९ अखेर गॉगने ती योजना बंद केली. निर्मात्याला न्याय देण्याच्या लढाईचा खर्च, थोडा का होईना, वॉर्सातल्या दुकानाच्या गिऱ्हाइकांनी भरला.

एपिकच्या तिजोरीची कथाही पुढे बदलली. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने सुमारे ८३० जणांना कामावरून कमी केले. मिळवतो त्याहून अधिक खर्च करत आहोत, ही कबुली स्वीनींनीच दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगलविरुद्धच्या खटल्यात एपिकच्याच अधिकाऱ्याने साक्ष दिली की दुकान अजून नफ्यात आलेले नाही. कौल मात्र आणखी सैल झाला. जून २०२५ पासून प्रत्येक खेळाच्या वर्षभरातल्या पहिल्या दहा लाख डॉलरांवर अडत शून्य. फुकट खेळ घ्यायला लोक दर गुरुवारी येतात. पैसे देऊन घ्यायचा खेळ मात्र त्यांतले अनेक जण स्टीमवरच घेतात, कारण बाकीचा संग्रह तिथे आहे.

हा संग्रह कोणाचा, हा प्रश्न २००४ च्या त्या नोव्हेंबरपासून लोंबकळत आहे. स्टीमच्या करारपत्रात ‘ग्राहक’ असा शब्द नाही, ‘वर्गणीदार’ असा अर्थ होणारा शब्द आहे. खेळ विकला जात नाही, वापरण्याचा परवाना दिला जातो, आणि खाते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेने याविरुद्ध दावा लावला. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने घेतलेला खेळ पुन्हा विकण्याचा हक्क मान्य केला, आणि २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. मग कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला की डिजिटल वस्तू ‘विकत घ्या’ असे म्हणायचे असेल तर गिऱ्हाइकाला केवळ परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगावे लागेल. कायदा लागू होण्याआधीच, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, स्टीमच्या खरेदीच्या टोपलीखाली तशी एक ओळ दिसू लागली.

गॉगने ती संधी सोडली नाही. आमच्याकडून उतरवलेली फाइल तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही, असे त्यांनी लगेच जाहीर केले. कायद्याच्या भाषेत गॉगही परवानाच देते. फरक फाइल कोणाच्या कपाटात आहे याचा आहे. ती उतरवून, वेगळ्या हार्डडिस्कवर जपून ठेवण्याचे कष्ट घेणारे गिऱ्हाईक गॉगला नेहमीच थोडे मिळाले. २००३ मध्ये स्टीमवर खाते उघडलेल्या तरुणांनी आज चाळिशी गाठली आहे, त्यांच्या खात्यांत शेकडो खेळ आहेत, आणि करारपत्राप्रमाणे ते खाते मुलाबाळांच्या नावे करून देण्याची सोय नाही.